पाच इसम

ढवळदऱ्याच्या रस्त्याचं काम मार्गशीर्षात वेशीजवळ येऊन पोहोचलं. काष्टीच्या सडकेपासून निघालेला रस्ता. दोन महिने गावातली दोन-अडीचशे माणसं त्याच्यावर राबत होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ उघडे पडले होते, बैल छावणीत होते आणि घरोघर सरकारी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत होत्या. ती भाकरी थापतानाच चिरायची आणि खाल्ली तरी तासाभरात पोट पुन्हा रिकामं वाटायचं.

गहिनीनाथ आणि त्याची बायको मालनबाई दोघंही कामावर होती. तो पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. पुरुषांनी पहारीनं दगड उपटायचे, घणानं फोडायचे आणि बायांनी रांगेत बसून हातोडीनं त्याची खडी करायची, अशी वाटणी होती. मालनबाईनं डाव्या हाताच्या बोटांना जुन्या धडप्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. संध्याकाळी त्या सोडताना कातडं चिंधीबरोबर यायचं, तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची आणि मग चूल पेटवायची.

गहिनीनाथची चुलती चांगुणा सदुसष्ट वर्षांची होती. घरात ती तिघंच. गहिनीनाथला दोन लेकी होत्या, त्या सासरी नांदत होत्या. काम सुरू झालं त्या दिवशी चांगुणाही पहाटेपासून रांगेत उभी राहिली होती. मुकादम गोरक्षनं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "म्हातारे, ह्या हातांनी हातोडी उचलंल का? जा, घरी बस."

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसली. बायांनी आपली अंगावरची पोरं तिच्या पुढ्यात आणून ठेवली. झोळ्या बांधल्या गेल्या. चार दिवसांनी ओव्हरसियर साहेब आले, त्यांनी बाभळीखालची अकरा पोरं आणि त्यांच्यामध्ये बसलेली म्हातारी पाहिली आणि तिचं नाव हजेरीपटावर घालायला सांगितलं. गोरक्षनं ते घातलं. पण तेव्हापासून गहिनीनाथच्या टोळीकडं त्याचा डोळा वाकडाच राहिला.

काम वेशीजवळ आलं त्या दिवशी दुपारी मजुरांना सुकडीच्या खाऊचं वाटप झाल्यावर गोरक्ष टोळीजवळ आला. "गहिनीनाथ, उद्या तुमच्या टोळीला वेशीतला दगड. सरपंचांचा हुकूम हाय. घडीव दगड मोडू नका, नीट सुट्टं करून बाजूला लावा. मधला भराव खडीला घ्या."

गहिनीनाथनं घण खाली टेकवला. "दुसऱ्या टोळीला द्या की."

"का? तुला जड जातंय?"

गहिनीनाथ बाभळीकडं बघत राहिला. चांगुणा एका पोराच्या डोळ्यांतली चिपडं ओल्या पदरानं पुसत होती. गोरक्ष वाट पाहून निघून गेला.

वेशीतला दगड म्हणजे चावडीसमोरचा काळ्या घडीव दगडांचा पुरुषभर उंचीचा चौकोनी खांब. खाली दोन पायऱ्यांचा चौथरा, वर छातीच्या उंचीला पांढऱ्या संगमरवराची पाटी. पहिलं जर्मन युद्ध संपल्यावर तो उभा राहिला होता. तेव्हा कलेक्टर घोड्यावरून आला होता आणि सगळ्या गावानं रांगेत उभं राहून सलाम ठोकला होता. चांगुणा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती, आणि तिच्या बांगड्या फुटून दीड वर्ष झालं होतं. तिचा नवरा समुद्रापार इराकातल्या बसऱ्याकडं लढाईवर गेला होता, तो परत आला नाही. सासऱ्यानं तिला माणसांच्या पाठीमागून दगड दाखवला आणि सांगितलं, "तुझ्या मालकाचं नाव घातलंय त्याच्यावर. कुलकर्णी म्हनत हुता." सासऱ्याला वाचता येत नव्हतं. तिलाही येत नव्हतं.

नवऱ्याचं मढं गावात आलं नाही, राख आली नाही, गेल्याची तिथी कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून ती दर सर्वपित्री अमावस्येला ताट घेऊन दगडापाशी जायची. चौथऱ्यावर नैवेद्य ठेवायची आणि कावळा येईपर्यंत बसून राहायची. बेचाळीस साली कुणी त्या पाटीवर शेण थापलं, तेव्हा तिनं ते धुऊन काढलं. स्वराज्य आलं त्या दिवशी दगडाला झेंड्याची काठी बांधून सगळ्याला चुना फासला, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढं निवडणुकीची पत्रकं चिकटली, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, तमाशाच्या जाहिराती आल्या. सणावाराला ती पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि नखानं कागद सोलून काढायची. पोरं त्याला म्हातारीचा दगड म्हणायची. इतरांना तो तिथं होता हेही जाणवत नव्हतं.

गहिनीनाथनं घरी काही सांगितलं नाही. हातपाय धुऊन तो ओट्यावर बसून राहिला. पण रस्त्यावरची बातमी घरी यायला कितीसा वेळ. शेजारच्या बाईनं कुडावरून सांगितलं, आणि चांगुणा चुलीपुढून उठून बाहेर आली.

"बाबा, दगुड काढनार हायती म्हनं."

"व्हय."

"तुझ्या हातनं?"

गहिनीनाथनं मान खाली घातली. चांगुणानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगणातून बाहेर पडली. मालनबाईच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं तसाच तवा उतरवला, हात लुगड्याला पुसले आणि सासूच्या मागं निघाली. दोघींमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. चांगुणानं मागं वळून पाहिलं आणि चालणं थोडं हळू केलं.

सरपंच राधाकृष्ण ओसरीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस, अंगात खादीची बंडी. त्याच्यासमोर शाळेतले श्रीमंत गुरुजी कागद घेऊन बसले होते. सव्वीस जानेवारीला नगरहून पुढारी येणार होते आणि वेशीत कानिफनाथच्या स्मारकाचं उद्घाटन व्हायचं होतं. कानिफनाथ हा गावातल्याच रंगुबाईचा एकुलता लेक, मागच्या डिसेंबरातल्या बांगलादेशच्या लढाईत पूर्वेकडच्या सरहद्दीवर पडलेला. चोवीस वर्षांचा होता.

"या काकू," सरपंच म्हणाला. "बसा."

चांगुणा उभीच राहिली. "राधाकृष्णा, दगुड काढतोस म्हनं."

"काढतोय काकू. रस्ता तिथनंच जातोय. आणि खरं सांगू का, नसता रस्ता तरी काढला असता. इंग्रजांची खूण ती. तिला सलाम केला नाही म्हणून फौजदारानं माझ्या वडलांना चावडीत उपडं पाडून मारलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या दगडावर शेण थापलं म्हणून मी चार महिने तुरुंगात काढले. आपलं काय आहे त्यात?"

"माझा मालक हाय त्यात."

सरपंच थांबला. हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं असं नाही, पण समोरासमोर ते ऐकायची पाळी आली नव्हती.

"नाव हाय त्यांचं," चांगुणा म्हणाली. "कोरल्यालं हाय."

सरपंचानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी खांदे उडवले. चुन्याच्या थरांखाली काय आहे ते त्यांनीही कधी वाचलं नव्हतं.

"असं करू काकू," सरपंच म्हणाला. "उद्या सकाळी गुरुजी ती पाटी घासून सगळ्यांसमक्ष वाचतील. तुमच्या मालकाचं नाव निघालं तर त्या दगडाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

घरी येताना चांगुणा मालनबाईच्या बरोबरीनं चालत होती. "नाव हाय गं," ती दोनदा म्हणाली.

सकाळी उजाडायच्या आत तिनं अंघोळ केली. पाण्याची टंचाई होती. मालनबाईनं आपल्या वाटणीचं अर्धं भांडं तिच्या बादलीत ओतलं. पेटीतल्या नव्या लुगड्याची घडी मोडली, ते नेसून ती वेशीत गेली आणि विटकरीच्या तुकड्यानं पाटी घासायला लागली. थंडीनं तिची बोटं आखडत होती. चुन्याचे पापुद्रे निघत होते. एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली निळसर, त्याखाली पिवळट. गुरुजी आले तेव्हा अक्षरं बऱ्यापैकी मोकळी झाली होती. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं उरलेली धूळ झटकली.

कामावर निघालेली माणसं घमेली-फावडी घेऊन थांबली. गहिनीनाथची टोळी पहारी घेऊन बाजूला उभी होती. सरपंच चौथऱ्याशी आला. गोरक्ष हजेरीपट काखेत धरून होता.

गुरुजींनी आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं इंग्रजी वाचलं. मग थोडं थांबून मराठीत सांगितलं, "या गावातून अडतीस इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले. त्यांपैकी पाच इसमांनी आपले प्राण दिले."

"पुढं?" चांगुणा म्हणाली.

"एवढंच आहे, आजी."

"खाली आसंल. चुन्यात गेलं आसंल."

खाली काही नव्हतं हे गुरुजींना दिसत होतं. तरी ते उकिडवे बसले आणि पाटीच्या खालचा चुना नखानं खरवडत राहिले. संगमरवर संपून काळा दगड लागला तसे ते उठले.

"नाव नाही. आकडा आहे."

"कुटं हाय पाच?"

गुरुजींनी तिचं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं. इंग्रजी पाच. त्याच्या खाचेत अजून चुना भरलेला होता. चांगुणानं बोट त्या खाचेतून वरून खाली फिरवलं, मग पुन्हा एकदा. बोटाच्या पेराएवढी खाच.

"येवढंच," ती म्हणाली.

बोट तसंच पुढं धरून ती दोन पायऱ्या उतरली. तिच्या नव्या लुगड्यावर चुना सांडला होता. "मोडा, राधाकृष्णा," ती म्हणाली. "माझं काय म्हननं न्हाई आता."

मालनबाई पुढं झाली आणि तिनं सासूचा दंड धरला. तो दंड तिच्या हातात पुरता मावत होता. इतक्या वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता. चांगुणा जमिनीकडं बघत म्हणाली, "पन्नास वर्सं ताट ठिवलं गं मी हितं. कुनापुढं ठिवलं?"

सरपंचालाही अवघडल्यासारखं झालं. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण त्याला त्यात काही वाटेना. तो चावडीच्या पायरीकडं वळला.

"चला," गोरक्ष म्हणाला. "गहिनीनाथ, घाल पहार."

गहिनीनाथनं पहार उचलली. खालच्या पायरीच्या सांध्यात टोक बसवलं. ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तसाच उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या, पण पहार हलत नव्हती.

"काय झालं?"

"ह्ये माझ्यानं व्हनार न्हाई."

"सगळ्या टोळीचा खाडा मांडीन."

"मांडा."

गोरक्षनं त्याच्या हातातली पहार ओढून घेतली. "बायको पोसतीया, चुलती झोळ्या हलवतीया, तुला काय फरक पडतोय म्हना," असं तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानं पहार टोळीतल्या दुसऱ्यापुढं धरली. त्या माणसानं हात पाठीमागं घेतले. तिसऱ्यापुढं धरली. तोही दुसरीकडं बघायला लागला.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून रंगुबाई पुढं आली. हातात खडीची हातोडी, पदरावर दगडाची धूळ. लेक गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. सून माहेरी गेली होती. रंगुबाईला कुणी कामावर बोलावलं नव्हतं. घरात बसवत नाही म्हणून ती यायची. दिवसभर ती कुणाशी बोलत नसे. तिच्या पुढ्यातला खडीचा ढीग सगळ्यांत आधी भरायचा.

"राधाकृष्णभाऊ," ती म्हणाली, "माझ्या कानिफचं नाव कुटं घालनार?"

"इथंच, वहिनी. चांगल्या संगमरवरात. सोनेरी अक्षरात."

"आन् खाली चौथऱ्याला ह्येच दगुड?"

"घडीव दगड आहेत. आता असे घडवतो कोण?"

"म्हंजी ह्या पाच जनांना मोडून त्यांच्यावर माझं पोरगं उभं करायचं." ती हे रागानं म्हणाली नाही. "मागल्या साली तार आली, ती तुमीच वाचून दाखवली. तुमच्या ध्यानात हाय का? त्यात आधी नंबर हुता. मग नाव. तो नंबर मला अजून पाठ हाय. नाव हुतं म्हनून मी रडले तरी. नुसता नंबर आला आसता तर मी कुनासाठी रडायचं?"

बाभळीखाली एक पोर उठून रडायला लागलं, त्याची आई तिकडं पळाली.

"त्याला ह्यांच्यात बसवा," रंगुबाई म्हणाली. "ह्यांच्यावर नगं. न्हाईतर माझ्या पोराचं नाव कुटंच घालू नका."

सरपंच दोन पावलं जवळ आला. "वहिनी, कानिफ देशासाठी गेला. ही माणसं इंग्रजांसाठी मेली. हे एका ठिकाणी कसं बसवू? मग आम्ही तुरुंगात गेलो ते कशासाठी?"

याचं उत्तर चांगुणानं दिलं. ती अजून मालनबाईच्या आधारानं उभी होती.

"राधाकृष्णा, त्यांना कुटं ठावं हुतं कुनासाठी? त्याही साली पानी न्हवतं. जोंधळा बगायला मिळत न्हवता. भरतीवाला आला आन् चावडीम्होरं टेबल मांडून बसला. दोन येळचं खायाला, कापडं, पायात बूट. अडतीस जनं उठून गेली. तुमी आमी आता खडी फोडायला आलो ना, तशीच गेली ती. ही खडी कुनाची म्हनून इचारतंय का कोन?"

सरपंचानं खाली बघितलं. त्याच्या पायाशी मघाचे चुन्याचे पापुद्रे पडले होते. त्यातला एक त्यानं फासलेल्या चुन्याचाही असणार. सत्तेचाळीस साली ब्रश त्याच्याच हातात होता.

"पण नावं कुणाला माहीत आहेत?" गुरुजी हळूच म्हणाले. "कुठं कागद नाही."

"मला हायती," चांगुणा म्हणाली.

गुरुजींनी खिशातला खडू काढला. चांगुणानं मालनबाईचा हात सोडला आणि पुन्हा एक पायरी चढली.

"सावळा आन् येसू. दोघं सख्खं भाऊ. तवाच्या म्हारवाड्यातली. बसऱ्याच्या धक्क्यावर वझी उचलायची. पटकीनं एकाच आठवड्यात दोघं गेली. त्यांची आई आमच्या दारावरनं जायची तवा माझ्याकडं बगायची, मी तिच्याकडं. दुसरं काय बोलाया येत न्हवतं आमाला."

खडी फोडणाऱ्यांची दुसरी रांग थोडी लांब बसायची. त्या रांगेतून बायडाबाई उठली. साठीची, उंच बाई. "सावळा माझा चुलत सासरा," ती म्हणाली. "ह्या दगडात आमचं मानूस हाय ह्ये आमाला कुनी कधी सांगितलं न्हाई." ती पुढं आली आणि गुरुजी खांबाच्या काळ्या दगडावर खडूनं लिहीत होते तिथं उभी राहिली. तिलाही वाचता येत नव्हतं. "ह्ये सावळा?" तिनं विचारलं. गुरुजींनी बोट दाखवलं. "आन् ह्ये येसू?" "हो."

"तिसरा पुंजाराम," चांगुणा म्हणाली. "तेल्याचा. तो बसऱ्याला पोचलाच न्हाई. बोटीत ताप आला. चौथा मच्छिंद्र, कुंभाराचा. खेचरं सांभाळायचा. खेचरावर गोळा पडला तवा तो त्याचा कासरा धरून हुता."

गुरुजींचा खडू दगडावर करकरला. चार नावं झाली.

"आणि पाचवे?"

चांगुणानं तोंड उघडलं आणि मिटलं.

जुन्या बाया समजून चुकल्या. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि चांगुणानं ते कधीच घेतलं नव्हतं. गावात ते नाव मात्र रोज घेतलं जायचं. तिचा धाकटा दीर, गहिनीनाथचा बाप, त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा त्यानं लढाईत गेलेल्या भावाचंच नाव त्याला ठेवलं. वर्षभरात त्या मुलाची आई गेली. चांगुणानं त्याला कडेवर वाढवलं, भरवलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या आणि पंचेचाळीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. बाबा म्हणायची. शाळेत घालताना मास्तरांनी मुलाचं नाव विचारलं, तेव्हा शेजारच्या बाईला बोलावून आणलं होतं.

"मी सांगतो," गहिनीनाथ पुढं होत म्हणाला. "आई, तू ऱ्हाऊ दे."

तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"मला सांगू दे. आत्ता न्हाई घेतलं तर मग कवा घेऊ." तिनं पदर कपाळापर्यंत ओढला. दगडाकडं तोंड केलं. मग स्पष्ट, पण फार मोठ्यानं नाही, ती म्हणाली, "गहिनीनाथ."

"ओ," गहिनीनाथ म्हणाला.

ते त्याच्या तोंडातून आपसूक गेलं होतं. त्याला स्वतःलाच ते कळायला एक क्षण लागला. चांगुणा वळली. त्याच्याकडं बघून तिच्या चेहऱ्यावर हसूही आलं आणि डोळेही भरले. तो मोठा रुंद खांद्यांचा माणूस सगळ्या गावासमोर तोंडावर उपरणं धरून उभा राहिला. कुणी हसलं नाही. रंगुबाईनं हातातली हातोडी चौथऱ्यावर ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

गुरुजींनी पाचवं नाव लिहिलं.

ओव्हरसियर साहेब दहाच्या सुमाराला सायकलवरून आले. सरपंचानं त्यांना बाजूला घेतलं. दोघांनी टेप धरून दोन्ही बाजूंनी मोजलं. साहेब म्हणाले, चार फूट उत्तरेला सरकला तरी रस्ता रस्ताच राहतो. फक्त चावडीची एक पायरी जाईल. सरपंच म्हणाला, जाऊ द्या. गोरक्षनं मात्र टोळीचा खाडा मांडला तो मांडलाच. त्या दिवशी आठ घरांत मिलोसुद्धा बेतानं शिजला, आणि गहिनीनाथपाशी टोळीतल्या एकानंही त्याबद्दल शब्द काढला नाही.

नावं कोरायला काष्टीहून पाथरवट आला. खडूची अक्षरं पुसतील म्हणून बायडाबाई पहिल्या दिवशी तो येईपर्यंत खांबापाशीच बसून राहिली होती. छिन्नी-टाकीनं त्यानं तीन दिवस काम केलं. पाच नावं झाल्यावर त्याच ओळीत, त्याच मापाच्या अक्षरांत सहावं कोरलं, कानिफनाथ. सोनेरी रंग भरायचं सरपंचाच्या मनात होतं. रंगुबाई म्हणाली, भरायचा तर सहाही नावांत भरा. तेवढा रंग मिळाला नाही. मग कुणाच्याच नावात भरला नाही.

सव्वीस जानेवारीला पुढारी आले. घाईत होते, पुढं आणखी दोन गावं होती त्यांना. ते कानिफनाथवर चांगलं बोलले. बाकीच्या पाचांचं काय ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नाही. ते मोटारीत बसून गेल्यावर माणसं उठायला लागली, तेव्हा सरपंच म्हणाला, जरा थांबा. तो खांबापाशी गेला आणि त्यानं सहाही नावं वाचली. वाचून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले. रांगेत उभं राहायला त्यानं कुणाला सांगितलं नाही. जो तो होता तिथं उभा राहिला.

दुपारी चांगुणा आणि मालनबाई घराकडं निघाल्या. सुट्टी होती. रस्त्यावर नवी खडी अंथरलेली होती आणि अजून तिच्यावर रूळ फिरला नव्हता; चांगुणाच्या अनवाणी पायांना ती टोचत होती. मालनबाईनं तिचा हात धरून कडेच्या मातीवर घेतलं आणि मग तो हात सोडला नाही.

"आत्याबाई," थोडं पुढं गेल्यावर मालनबाई म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार की."

"दिसायला कशे हुते वो ते?"

चांगुणा चार पावलं तशीच चालली. "मला ठावं न्हाई."

मालनबाईला वाटलं, सांगायचं नसेल. पण चांगुणा पुढं बोलत राहिली. "लगीन झालं तवा मी अकराची. तवापासनं सासरीच, पर त्यांच्या म्होरं मान वर करायची सोय न्हवती. ते जेवायला बसले की मी दाराआड. वरसाभरात गेलेच. तोंड बगितलंच न्हाई मी त्यांचं. पाय तेवढं बगितलेत."

"पाय?"

"व्हय. रुंद हुते. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडल्यालं, बैलानं पाय दिल्ता. जाताना सासूबाईंनी मला उंबऱ्यात उभी केली हुती. नवीन वहाना घेतल्या हुत्या, त्या झिजतील म्हनून हातात धरल्या आन् अनवानीच गेले. ह्याच वाटनं. तवा ही गाडवाट हुती, फुफाट्याची. फुफाट्यात पाय उमटत गेले. मी ते बगत हुते."

मालनबाईनं तिचा हात थोडा घट्ट धरला. "वळून बगितलं का त्यांनी?"

"बगितलं आसंल," चांगुणा म्हणाली. "मी खालीच बगत हुते."